जुम्म्याचं तेल

मित्रांनो, तुमचा आवाज मला येतो आहे, पण तुम्ही दिसत नाही. माझा डोळा मिटलेला आहे. तुम्ही ही पत्र्याची पेटी उघडलीत, वरचे कपडे बेतायचे कागद बाजूला केलेत आणि मला बाहेर काढलंत, त्याबद्दल तुमचे आभार. चावी मात्र फिरवू नका. आणि तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाताला खोबरेल तेलाचा वास येतो आहे. त्यानं कृपा करून मला आधी खाली ठेवावं. मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे, आणि तेलाशी माझं फार वाकडं आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. मिटलो की मी एखाद्या जाड पुस्तकाएवढा दिसतो. पुढचं झाकण पाडलं की चामड्याचा भाता बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला माझा डोळा. या डोळ्याच्या आत पोलादाच्या पातळ पाकळ्या आहेत. खटका दाबला की त्या उघडतात आणि तुमची पापणी लवायच्या आत पुन्हा मिटतात. तेवढ्या वेळात समोरचा माणूस माझ्या पोटातल्या फिल्मवर उतरतो. मग कडेची चावी फिरवायची, म्हणजे फिल्म दुसऱ्या रिळावर सरकते आणि पुढच्या फोटोला जागा होते. माझ्या पाकळ्या कोरड्या असाव्या लागतात, अगदी कोरड्या. त्यांना तेल चालत नाही.

मला वाशीमला आणलं ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या एका गोऱ्या इंजिनियरनं. त्याचे कपडे शिवायचे सैफुद्दीनमिया. गावात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला घर. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं खूश होऊन मला त्यांच्या हातात ठेवलं. साहेबाला मराठी येत नव्हती आणि सैफुद्दीनमियांना इंग्रजी. फोटो कसा काढायचा ते त्यानं खुणेनं दाखवलं, फुंकर मारून धूळ काढायला शिकवलं, मऊ फडक्यानं पुसायला शिकवलं. तेलाबद्दल तो काही बोलला नाही. आपण याला शिलाई मशीनच्या शेजारी ठेवून चाललो आहोत, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं.

सैफुद्दीनमियांचा एक नेम होता. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजला जाण्याआधी, ते दुकानातल्या साऱ्या लोखंडाची सेवा करत. मशीन पुसून तिच्या एकेका भोकात तेलाचा थेंब, कात्रीच्या खिळ्याला थेंब, दाराच्या बिजागरीला थेंब. मग ते मला फळीवरून काढत आणि माझ्या डोळ्याच्या कडेला एक, चावीच्या भोकात एक, असे दोन थेंब घालत.

"सगळ्यायले भेटलं," ते म्हणत, "मंग यालेच काहून उपाशी ठेवू?"

इतक्या प्रेमानं माझं वाटोळं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या थेंबालाच मी ओरडलो असतो, पण आम्हाला ओरडायला तोंड नाही. त्यात वाशीमची हवा. कापसाच्या हंगामात किन्हीराजा गावाकडच्या बैलगाड्या जिनिंगवर लागल्या की गावभर रुईचे बारीक तंतू उडत राहतात. ते तंतू तेलाला चिकटायचे, त्यावर पुढच्या जुम्म्याचं तेल पडायचं. माझ्या अंगात असं काहीतरी साचत होतं आणि बाहेरून मी आरशासारखा चकचकीत होतो.

तरीही ती वर्षं माझी सुखाची होती, हे कबूल करायलाच हवं. मी घोड्यावरचे नवरदेव पाहिले, ईदच्या नव्या शेरवान्या पाहिल्या, रिठदचा एक पहिलवान पाहिला, ज्यानं श्वास इतका रोखून धरला की फोटो झाल्यावर त्याला पाणी द्यावं लागलं. रोल संपला की तो अकोल्याच्या स्टुडिओत धुवायला जाई आणि फोटो होऊन परत येई. लोक फोटो पाहून म्हणत, वा सैफुद्दीनमिया. मला कोणी वा म्हणत नसे, पण माझ्यावर बोट फिरवून जात. मला तेवढं पुरायचं.

मग एक दिवस घरातल्या बायकांनी विचारलं, की सगळे फोटो मर्दांचेच काहून?

विचारणारी होती अन्वरी, सैफुद्दीनमियांची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलं होतं. नवरा रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला होता. रंगून म्हणजे आधी आगगाडी, मग बोट, आणि मग कधी येणं होईल ते अल्लाला ठाऊक. तिची आई सुलतानबी सारा दिवस तिच्या मागे मागे फिरायची आणि काहीतरी निमित्त काढून तिच्यावर ओरडायची. मुलगी लांब जाणार असली की काही आयांचं असं होतं.

पडद्यातल्या बायकांचा फोटो परका माणूस काढणार नाही, हे उघडच होतं. म्हणून सैफुद्दीनमियांच्या बायकोनं, अमिरुन्निसानं, मला चालवायला शिकून घेतलं. ती हुशार होती, हाताची थंड होती. दोन दुपारींत तिला सारं जमलं. पण धुवायचं काय? अकोल्याच्या स्टुडिओत सगळी माणसं पुरुष.

त्यावर सुलतानबीनं निकाल दिला. अंगणात शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, तिनं सर्वांसमोर सांगितलं, "काढा फोटो. पण हा रोल घराच्या बाहेर जाणार नाई. आमच्या लेकीबायकायच्या सुरती परक्या मर्दाच्या हातात देणार नाई. माही जबान आहे तुमाले."

"मंग धुवाचा कसा, अम्मा?" अमिरुन्निसानं विचारलं.

"ते मंग पाहू," सुलतानबी म्हणाली. "आधी पोरगी तर राहू दे त्याच्यात."

त्या दुपारी अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची मांडली गेली. एकेक बाई बुरखा बाजूला ठेवून येऊन बसली. नथी, बुंदे, हिरव्या चुड्या, आणि चेहरे इतके ताठ की जणू कोणी त्यांना रागावलं आहे. अन्वरी सर्वांत शेवटी बसली. खटका दाबला गेला तेव्हा मला माझ्या पाकळ्या जड लागल्या. त्या उघडल्या, पण मिटताना रेंगाळल्या. नेहमीचा 'टिक' आवाज झालाच नाही, जरा लांबलेला, ओला आवाज झाला. अमिरुन्निसाला तो कळला असावा. तिनं मला कानाशी धरलं, पण तेवढ्यात कोणीतरी शरबत आणलं आणि ती गोष्ट राहून गेली.

अन्वरी रंगूनला गेली. पुढच्या जुम्म्याला मला नेहमीचे दोन थेंब मिळाले, त्याच्या पुढच्यालाही. मग एका सकाळी रोलवर उरलेल्या जागेत फोटो काढायला सैफुद्दीनमियांनी खटका दाबला आणि पाकळ्या हलल्याच नाहीत. तेल आणि तंतू मिळून त्यांचा एकच गोळा झाला होता. त्यांनी फुंकर मारली, पुसलं, पुन्हा दाबलं. मग त्यांनी काय केलं, ओळखा पाहू. आणखी तेल घातलं.

तेव्हापासून मी अंधारात आहे.

मित्रांनो, कोंडलं जाणं म्हणजे काय ते मला विचारा. पेटीत कोंडलेल्याला निदान पेटी उघडण्याची वाट पाहता येते. मी फळीवर उघडा असलो काय, मिटलेला असलो काय, मला फरक नव्हता. डोळाच बंद. कानावर सगळं यायचं, आणि जे कानाला कळायचं नाही ते घरातल्यांच्या बोलण्यातून कळायचं. मशीनची घरघर, चहाच्या कपांचा आवाज, सुलतानबीची जपमाळ. आणि पोटात त्या साऱ्या जणी, ज्या मी पाहिल्या होत्या पण ज्यांना अजून कोणीच पाहिलं नव्हतं. आम्ही कॅमेरे स्वतः काढलेला फोटो कधी पाहत नाही. तो बाहेर जातो तेव्हाच तो फोटो होतो. तोवर ते एक ओझं असतं. मी कोंडलेला होतो आणि माझ्यात त्या कोंडलेल्या होत्या, आणि दर जुम्म्याला मला खायला मिळत होतं तेल.

मग सुलतानबीचे डोळे जाऊ लागले.

आधी तिला सुईत दोरा ओवता येईना. मग उंबरा दिसेना. सैफुद्दीनमिया तिला अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा ते दुकानात जाऊन मशीन न चालवता नुसते बसले. डॉक्टरनं सांगितलं होतं, की याला इलाज नाही. उजेड कडेकडेनं जात जाईल आणि एक दिवस पूर्ण जाईल.

सुलतानबी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तो फोटो अजून त्या डब्ब्यातच आहे न?"

"हाव, अम्मा."

"मले एक डाव तिचं तोंड पाहू दे बावा. मंग गेले डोये तं गेले."

"मी उद्याच अकोल्याले नेतो," सैफुद्दीनमिया उठलेच.

"नाई," सुलतानबी म्हणाली. "त्याच्यात माही एकटीची पोरगी आहे का? बाकीच्यायले मी जबान देल्ली. माह्या डोयापायी त्यायच्या सुरती बाहेर काढू?"

फळीवर बसून मी हे ऐकत होतो. बाईनं स्वतःच कुलूप लावलं होतं आणि आता ते तिलाच उघडता येत नव्हतं. मला तिचा राग आला आणि तिचं कौतुकही वाटलं.

थोड्या वेळानं अमिरुन्निसा म्हणाली, "मी धुवीन. घरात."

"तुले येते?"

"नाई येत. तुमी अकोल्याले जाऊन पाहून या, काय काय टाकतात अन् कसं. मी आयकून शिकीन."

सैफुद्दीनमिया गेले. स्टुडिओवाल्याला त्यांनी एक कोट शिवून देण्याचं कबूल केलं आणि दिवसभर त्याच्या शेजारी उभे राहिले. फिल्म धुवायच्या मसाल्याच्या पुड्या आणल्या, उन्हात छापायचा कागद आणला आणि पाहिलेलं सारं बायकोला सांगितलं. आता फक्त चावी फिरवून फिल्म शेवटपर्यंत गुंडाळायची होती.

चावी फिरेना.

सैफुद्दीनमियांनी चिमटा लावला. माझ्या आत फिल्म ताणली गेली. आणखी जरा जोर लागला असता तर ती फाटली असती आणि त्याबरोबर सगळ्या जणी. मी जीव मुठीत धरून होतो, पण मला मूठही नाही. ते थांबले आणि त्यांचा हात सवयीनं तेलाच्या कुपीकडे गेला.

"थांबा," अमिरुन्निसा म्हणाली. तिनं कुपी उचलून बाजूला ठेवली. "आधी पाहू द्या, अडून कायले राह्यलं ते."

तिनं बारीक सुई घेतली आणि चावीच्या भोकाच्या कडेनं हळूहळू फिरवली. सुईच्या टोकाला काहीतरी लागलं. तिनं ते ओढलं. काळपट, चिकट, वातीसारखं वळलेलं ते बाहेर आलं, मग आणखी आलं. तिनं ते नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. सैफुद्दीनमियांनी ते बोटांत चुरडलं, हुंगलं. आपलंच तेल त्यांना ओळखू आलं.

त्यांनी बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाले, "दर जुम्म्याले घातलं मी. एक नाई चुकवला."

"माहीत आहे मले."

"मशीनले तेल लागते, अमिरन. सगळ्या मशीनले लागते."

"याले नसन लागत," ती म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. त्यामुळे त्यांना जास्त लागलं असेल.

कचरा निघाला, तरी चावी अर्धा वेढा फिरून अडकली. आत खोलवर आणखी होतं. आता मला मागून उघडून हातानंच फिल्म गुंडाळावी लागणार होती, आणि उजेडाचा एक कवडसा जरी आत आला तरी सगळं संपणार होतं. रात्री करावं, तर घर पत्र्याचं, पत्र्याला भोकं, आणि हंगामात जिनिंगचे दिवे रात्रभर जळत. शिवाय हे काम एका बैठकीत होईल याची खात्री कोण देणार? हात अवघडला तर मला तसंच उघडं टाकता येणार नव्हतं.

इथे मात्र सैफुद्दीनमिया शिंपी होते. त्यांनी बायकोचा जुना काळा बुरखा मागितला. तो उसवला, दुहेरी केला, आत काळ्या छत्रीच्या कापडाचं अस्तर लावलं आणि एक मोठी पिशवी शिवली. पिशवीला दोन बाह्या, बाह्यांना मनगटावर आवळायला नाड्या. शिवताना त्यांनी प्रत्येक शिवण उन्हासमोर धरून पाहिली. मशीन त्या दिवशी थांबत थांबत चालत होती.

मला त्या पिशवीत ठेवलं गेलं. तोंड शिवून टाकलं. बाह्यांतून अमिरुन्निसाचे हात आत आले.

अंधार मला नवा नव्हता, पण त्या अंधारात आता कोणीतरी होतं. तिची बोटं माझ्या कडेनं फिरली, कडी सापडली, पाठ उघडली. कितीतरी काळानं माझ्या पोटाला हवा लागली. ती फिल्मला गुंडाळलेल्या कागदाचा पदर चाचपत होती, आणि बाहेर पिशवीच्या पलीकडे तिचे डोळे बहुतेक मिटलेले असावेत, कारण ती मधेच सासूला म्हणाली, "अम्मा, तुमाले असंच दिसत असन नाई? बोटानंच?"

"मले अजून उजेड दिसते," सुलतानबी म्हणाली. "तू घाई करू नोको."

चिकटलेला कागद ती अंगठ्याच्या नखानं सोडवत राहिली. एकदा फिल्म अडली तेव्हा तिनं ओढलं नाही, थांबली, मागे घेतली, पुन्हा पुढे. मला वाटतं, माझ्यावर आजवर जे काम झालं त्यात तेवढंच बरोबर होतं. दुपारची अजान झाली तेव्हा रीळ पूर्ण गुंडाळलं गेलं होतं आणि मी रिकामा झालो होतो.

मित्रांनो, सुटका त्यांची झाली. माझी नाही. पाकळ्या तशाच चिकटलेल्या होत्या. पण इतका हलका मी कधीच झालो नव्हतो.

पुढचं मी ऐकलं तेवढं सांगतो. स्वयंपाकघराच्या दाराखिडक्यांना आणि वर पत्र्याखालीही गोधड्या लागल्या. लाल कापड गुंडाळलेला कंदील लागला. अमिरुन्निसानं फिल्म परातीतल्या मसाल्याच्या पाण्यातून खालीवर केली, सांगितल्याबरहुकूम. मग फिल्म वाळत टाकली आणि दुसऱ्या दिवशी काचेखाली फिल्मला कागद भिडवून ते अंगणात उन्हात ठेवले. शेजारणींना निरोप गेले. एकेक जण येई, आपला फोटो पाही, तोंडावर पदर घेऊन हसे आणि पदराखाली झाकून घरी नेई. सगळ्या ताठ बसल्या होत्या, त्यामुळे सगळ्या स्वच्छ उतरल्या होत्या. कोणाच्या नथीतला मोतीसुद्धा दिसत होता म्हणे.

अन्वरीचा कागद सर्वांत शेवटी काढला. अमिरुन्निसा तो कोणाला न दाखवता आत नेऊ लागली.

"काय झालं?" सुलतानबीनं विचारलं.

अमिरुन्निसा म्हणाली, "अम्मा, बिघडला. अन्वरी हलली. तोंड पुसल्यासारखं झालं. खुर्ची दिसते, हात दिसते, पण तोंड..."

सैफुद्दीनमिया म्हणाले, "माह्या तेलानं झालं. पाकळ्या टायमावर मिटल्याच नाई." आणि ते उठून बाहेर जाऊ लागले.

"बस खाली," सुलतानबी म्हणाली. "आण इकडे."

तिनं कागद घेतला. मला तो दिसत नव्हता, पण तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं तो डोळ्याच्या अगदी जवळ नेला असावा, थोडा कडेला, जिथे तिला अजून उजेड होता. मग तिनं विचारलं, "कोन्या बाजूले गेलं तोंड?"

"डाव्या, अम्मा."

"मी डाव्या बाजूलेच उभी होती," सुलतानबी म्हणाली. "मी तिले म्हटलं, पोरी, दुपट्टा सावर. अन् ते माह्याकडं वळली." कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "बिघडला कुठी? माह्याकडं पाहून राह्यली न ते."

ते खरं होतं. मी तिथे होतो. आईनं हाक मारली, अन्वरी वळली, आणि माझ्या पाकळ्या रेंगाळल्या होत्या म्हणून तिचं ते वळणं सगळंच्या सगळं माझ्यात आलं. डोळा वेळेवर मिटला असता, तर इतर जणींसारखीच एक ताठ अन्वरी कागदावर आली असती.

म्हणून तेल बरं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या एका फोटोसाठी मी माझी दृष्टी दिली आहे आणि ती मला परत हवी आहे. पुढे सुलतानबीचे डोळे पूर्ण गेले, तशी ती तो कागद हातात घेऊन डाव्या अंगाला कलून बसू लागली. सैफुद्दीनमियांनी मला पुन्हा कधी तेल घातलं नाही. घातलं नाहीच, पण भीतीनं हातही लावला नाही. पुसून, फडक्यात गुंडाळून त्यांनी मला या पेटीत ठेवलं आणि वर कागद रचले. इतक्या प्रेमळ माणसाला एवढी भीती वाटावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. एखाद्या वस्तूवर जीव असेल तर तिला काय लागतं ते आधी विचारा. सगळ्यांना लागतं म्हणून तिलाही लागत असेल, असं धरून चालू नका. अडलं तर ओढू नका, कशानं अडलं ते पाहा. मला एखाद्या जाणकाराकडे न्या. तो माझ्या पाकळ्या सुट्या करील, स्पिरिटनं धुवील आणि कोरड्या करील. मग माझ्या पोटात नवी फिल्म घाला आणि तुमच्या घरातून कोणी लांब जायला निघालं असेल तर मला त्याच्यासमोर धरा. त्याला ताठ बस म्हणून सांगू नका. कोणी हाक मारली आणि तो वळला, तर वळू द्या.